जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरला मुंज: ऊन, दमटपणा आणि वादळाचा अंदाज कसा वाचावा

राजेंद्रनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. धाकट्या मुलाची मुंज जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. विधी सकाळी मॅरेज गार्डनमध्ये, आणि नातेवाइकांचं जेवण तिथेच संध्याकाळी साडेसातला. वडोदऱ्याहून नणंद येणार, ग्वाल्हेरहून मामा येणार, घरात ऐंशी ओलांडलेले सासरे आहेत. त्या लिहितात: “मेच्या मध्याला दुपारी तीनला फोनवर ४२ अंश आणि आर्द्रता १२ टक्के असायची, तरी कूलरपुढे बसलं की बरं वाटायचं. मुंजीच्या दिवसाचा अंदाज दुपारी तीनला ३७ अंश, आर्द्रता ४५ टक्के आणि वादळी पावसाची शक्यता ४० टक्के असा दिसतोय. पारा पाच अंशांनी उतरलाय, मग काळजी कमी करू की वाढवू? कूलर लावू का? मंडप टिकेल का? जेवण हॉलमध्ये न्यावं का? आणि गच्चीवरचं कुरडयांचं वाळवण राहिलंय, ते कधी उरकू? सासरे नौतपाचं आणि मृगाच्या पावसाचंही विचारताहेत.”

ताई, काळजी वाढवा. पारा उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. विधी सकाळी बागेतच होऊ द्या, संध्याकाळचं जेवण पक्क्या छताखाली न्या, आणि कूलरवर भिस्त ठेवू नका. हवामानाच्या नोंदी घेण्यात आणि अंदाज बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. त्यावरून सांगते, तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच आकड्यात आहेत. तो आकडा म्हणजे दवबिंदू. बहुतेक ॲपमध्ये तो ‘ड्यू पॉइंट’ म्हणून कोपऱ्यात असतो आणि त्याकडे कुणी बघत नाही. इंदूरसारख्या गावात मे-जूनमध्ये माझ्या मते कमाल तापमानापेक्षा तो आकडा आधी पाहावा.

आर्द्रतेची टक्केवारी फसवी का आहे, ते आधी बघू. गरम हवेत वाफ जास्त मावते. त्यामुळे हवेतली वाफ तेवढीच राहिली तरी तापमान चढलं की टक्केवारी आपोआप उतरते. सकाळी २८ अंश आणि ६० टक्के असेल, तर तीच वाफ दुपारी ४० अंशांना जेमतेम ३१ टक्के दिसते. लोक म्हणतात, “दुपारी हवा कोरडी झाली.” प्रत्यक्षात वाफेचा कणही कमी झालेला नसतो. आणखी एक गोष्ट म्हणजे पुष्कळ ॲप दिवसभराची सरासरी आर्द्रता एका आकड्यात देतात. तो आकडा कमाल तापमानाशेजारी ठेवला की भलताच निष्कर्ष निघतो. तुम्ही दोन्ही आकडे दुपारी तीनचेच पाठवलेत, हे फार बरं केलंत.

हवा किती थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊन जमू लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. दिवस चढो की उतरो, हवा बदलल्याशिवाय तो फारसा हलत नाही. तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला. मेच्या मध्याला ४२ अंश आणि १२ टक्के म्हणजे दवबिंदू ७ अंशांच्या आसपास. मुंजीच्या दिवशी ३७ अंश आणि ४५ टक्के म्हणजे दवबिंदू २३. पारा पाच अंश उतरला, पण हवेतली वाफ जवळपास तिप्पट झाली. जाणवणारं तापमान काढण्याचं जे सूत्र सर्रास वापरतात, त्यात हे घातलं तर सावलीत ४२ चा तो दिवस साधारण ४० सारखा वाटतो आणि ३७ चा हा दिवस ४३ सारखा. तुमच्या अंगाने फोनपेक्षा जास्त अचूक सांगितलं होतं.

घाम वाळला तरच तो अंग थंड करतो. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातून साडेपाचशेहून जास्त किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम ठिबकून खाली पडला तर त्याचा फायदा जवळजवळ शून्य. कोरड्या उन्हात माणसाला घाम आल्याचं कळतही नाही, फक्त अंगरख्यावर मिठाचे पांढरे डाग उमटतात. दमट उकाड्यात सदरा चिकटतो, घामोळं येतं, आणि शरीर पाणी गमावूनही गरमच राहतं.

कूलरचा प्रश्नही इथेच सुटतो. कूलर, माठ आणि खसाची ताटी, तिन्ही पाण्याची वाफ करून गारवा देतात. त्यांना एक खालची मर्यादा असते. ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात धरला की तो ज्या अंशावर थांबतो, तीच ती मर्यादा. ४२ अंश आणि १२ टक्क्यांच्या हवेत ती २१ च्या आसपास येते, म्हणजे चांगला कूलर २५ अंशांपर्यंतची हवा फेकू शकतो. ३७ अंश आणि ४५ टक्क्यांना ती मर्यादाच २७ असते. कूलरमधून हवा येईल २९ अंशांची, आणि इतकी ओलसर की तिच्यात घाम सहज वाळणार नाही. घरातला माठही हेच सांगतो. मेमध्ये दात आंबवणारं पाणी जूनच्या सुरुवातीला कोमट लागू लागलं, तर माठाचा दोष नाही, ओलावा येऊन पोचलाय एवढंच समजायचं.

तेव्हा बागेत कूलर आणि पाण्याचे फवारे उडवणारे पंखे भाड्याने घेऊ नका. तेवढ्याच पैशात मोठे उभे पंखे जास्त घ्या. वाऱ्याचा झोत अंगावरून गेला तर ३७ अंशांनाही घाम वाळतो. घरी कूलर लावायचाच असेल तर समोरची खिडकी सताड उघडी ठेवा, आणि खोली कोंदट वाटायला लागली की पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा.

पाहुण्यांपैकी नणंदबाईंना हे समजावून सांगावं लागणार नाही. वडोदरा खंभातच्या आखाताजवळ आणि समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर आहे. संध्याकाळी नैर्ऋत्येकडून वारा आला की मेमध्येही तिथला दवबिंदू विशीच्या वर जातो. तिथल्या लोकांना घामाची सवय असते. खरी दमछाक मामांची होईल. ग्वाल्हेरचं ऊन इंदूरपेक्षा कितीतरी जास्त, पण ते थरच्या वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या लूचं. ४५ अंशांत कांदा खिशात घालून फिरणारा माणूस ३७ अंशांच्या दमट दुपारी “हे काय ऊन आहे?” म्हणत टोपीशिवाय हिंडेल आणि संध्याकाळी आडवा होईल. त्यांच्यावर लक्ष ठेवा.

इंदूर या दोन्हींच्या मध्ये येतं. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. गव्हाची कापणी झाली की काळी जमीन उघडी पडते आणि दिवसा सपाटून तापते. सूर्य मावळला की कोरड्या, स्वच्छ आकाशाखाली तीच जमीन भराभर उष्णता सोडते. ‘शब-ए-माळवा’ची ख्याती आहे ती या उंचीमुळे, रात्रीच्या वाऱ्यामुळे आणि मुख्यतः कोरडेपणामुळे. दवबिंदू विशीच्या वर गेला की वाफ जमिनीची उष्णता अडवून धरते आणि तेवढ्यापुरती ती ख्याती संपते. पहाटेचं किमान तापमान २४-२५ ऐवजी २८ वर अडकतं. म्हाताऱ्या माणसांना दुपारपेक्षा अशी रात्र जास्त बाधते, कारण दिवसभराचा ताण उतरायला शरीराला वेळच मिळत नाही. सासऱ्यांसाठी एसीची खोली एकच असेल, तर ती त्यांना दुपारी नाही तरी रात्री नक्की द्या.

‘उष्णतेच्या लाटेचा इशारा नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. भारतीय हवामान विभागाचा निकष असा आहे: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असावं आणि त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असावं. किंवा पारा थेट ४५ ला पोचावा. इंदूरची मेअखेरची सरासरीच चाळिशीच्या आसपास असते, तेव्हा इथे लाट जाहीर व्हायला पारा पंचेचाळिशीला टेकावा लागतो. तसं फार क्वचित होतं. ३१ मे १९९४ ला इथे ४६ अंश नोंदले गेले होते, ती आठवण अजून काढली जाते. ३७ अंशांचा दमट दिवस या निकषाच्या जवळपासही येत नाही, तरी होमाजवळ बसलेल्या माणसाला तो भोवळ आणू शकतो. शिवाय वेधशाळेचं तापमान पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजतात. उन्हातल्या फरशीचा किंवा पत्र्याच्या मंडपाखालचा तो आकडा नव्हे.

मुंजीत अग्नी आहे, हे विसरू नका. बटू, त्याचे आईवडील आणि गुरुजी बराच वेळ होमापाशी बसतात, आणि बटू तर आदल्या रात्री धड झोपलेलाही नसतो. गुरुजींना आत्ताच विचारा. मुहूर्त मिळत असेल तर होम साडेनऊच्या आत उरकू द्या. मंडपाचं छत उंच ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूच्या कनाती लावूच नका. बटूला दर वीस मिनिटांनी दोन घोट पन्हं किंवा मीठ घातलेलं ताक मिळेल, यासाठी एक मावशी नेमून टाका. आपली इंदुरी शिकंजी दुधाची, गोड आणि घट्ट असते. ती जेवणानंतर हवी तितकी द्या, पण घामाने गेलेलं पाणी आणि मीठ ती भरून काढत नाही. आणि कुणी असंबद्ध बोलू लागलं, चालताना लटपटलं, अंग भट्टीसारखं लागलं, तर त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता वादळाकडे वळते. तिथेही दवबिंदूच बोलतो.

ढगाचा तळ किती उंचीवर तयार होईल, याचा सोपा ठोकताळा आहे. तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि येईल त्याला १२५ ने गुणायचं. उत्तर मीटरमध्ये मिळतं. मेच्या मध्याला फरक ३५ अंशांचा होता, म्हणजे तळ जवळजवळ ४,४०० मीटरवर. इतक्या उंचावरून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतात. विरताना ती हवा थंड आणि जड होते आणि वेगाने खाली कोसळते. मेमधली आंधी ती हीच: धुळीची भिंत, पत्रे उडवणारा वारा, आणि पाऊस म्हणाल तर चार टपोरे थेंब. मुंजीच्या दिवशी फरक १४ अंशांचा असेल, तळ १,७५० मीटरवर. अशा ढगातून वारा तर येतोच, शिवाय सडकून पाऊसही जमिनीपर्यंत पोचतो आणि विजाही जास्त कडाडतात.

पण ओलावा आला म्हणजे वादळ झालंच, असं नाही. “एवढा उकाडा झालाय, आज पडणारच,” असं आपण सगळे म्हणतो आणि निम्म्या वेळा कोरडे राहतो. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर वायव्येकडून आलेल्या कोरड्या गरम हवेचा थर असतो. कुकरच्या झाकणासारखा तो खालची वाफ दाबून धरतो. ते झाकण उचलायला काहीतरी लागतं. उत्तरेकडून जाणारा पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी वादळी हवेची लाट), राजस्थान-मध्य प्रदेशापासून विदर्भमार्गे दक्षिणेकडे उतरणारा कमी दाबाचा पट्टा, किंवा शेजारच्या जिल्ह्यात पडून गेलेल्या वादळातून सुटलेला थंड वारा. आपल्याकडे दक्षिणेला विंध्याची धार आहे. महू आणि जानापावच्या बाजूला दुपारी ढग आधी फुगताना दिसतात ते त्या चढामुळे. त्या कमी दाबाच्या पट्ट्याच्या पश्चिमेला कोरडा वारा असतो आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकडची ओल. तो पट्टा पश्चिमेकडे सरकला की इंदूर ओल्या बाजूला येतं. हवामान विभागाच्या रोजच्या अंदाजात या पट्ट्याचा उल्लेख असतो. वाचताना बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात, पण अंदाजाचा अर्धा भरवसा त्यावरच असतो.

मग ४० टक्के म्हणजे काय? तुमच्या ठिकाणी असे अंदाज दिलेले दहा दिवस घेतले, तर त्यांतल्या साधारण चार दिवशी मोजण्याइतका पाऊस पडेल. दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस, किंवा शहराच्या ४० टक्के भागात पाऊस, असा त्याचा अर्थ नाही. पाऊस किती जोराचा असेल, हेही त्यातून कळत नाही. जूनच्या सुरुवातीला एक गडगडाटी ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो आणि त्याचं आयुष्य पाऊण-एक तासाचं. पलासियाला रस्ते वाहतात आणि राजेंद्रनगरला धूळही बसत नाही, ते यामुळेच. २६ मे २०२५ पासून भारतात ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे ६ किलोमीटर जाळीचं, म्हणजे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढणारं संगणकी मॉडेल वापरात आलं. पूर्वीच्या १२ किलोमीटरच्या तुलनेत ही मोठी झेप आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. तरीही पाच दिवस आधी कोणत्या बागेवर ढग फुटेल, हे त्यातूनही सांगता येणार नाही. तुमच्या फोनवर सातला ढग आणि आठला वीज असं चित्र दिसतं, ते आज रात्री पाहाल तर वेगळं असेल. त्या तासावर काही ठरवू नका.

वर्तमानपत्रात ‘पश्चिम मध्य प्रदेशात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ असं येतं, तेव्हा तिथेही नेमका हिशेब असतो. त्या उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, ५० पर्यंत काही ठिकाणी, ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी. पश्चिम मध्य प्रदेशात इंदूर येतं आणि मामांचं ग्वाल्हेरही येतं. त्या ‘तुरळक’ ठिकाणांत इंदूर असेलच असं नाही. म्हणून जिल्ह्याचा अंदाज वेगळा पाहा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. या दिवसांत पिवळा वारंवार येतो आणि लोकांची नजर मरते. नारिंगी दिसला तर मात्र कार्यक्रम उघड्यावर ठेवायचा नाही, इतकं पक्कं धरा.

वेळेच्या बाबतीत तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. मॉन्सूनपूर्व वादळं बहुतेक दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान होतात, कारण जमीन तापून झाकण उचललं जायला दुपार लागते. सकाळी सात ते अकरा ही वेळ पठारावर सर्वांत निर्धोक. म्हणून सकाळचा विधी हलवू नका असं मी म्हटलं. आणि संध्याकाळचं साडेसात नेमकं कचाट्यात सापडतं. ४० टक्के शक्यता भाजी आणायला जाणाऱ्यासाठी क्षुल्लक आहे. दीडशे पानं मांडली आहेत, हलवायाची भट्टी पेटली आहे, लोखंडी खांबांवर शामियाना ताणला आहे आणि जनरेटर उघड्यावर आहे, तिथे ती फार मोठी आहे. शक्यता २० असती तरी मी तुम्हाला हॉलच सुचवला असता.

मंडपाचं म्हणाल तर टेंटवाल्याला वाऱ्याचं विचारा, पावसाचं नंतर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा झोत वीस फूट लांब आणि दहा फूट उंच कनातीवर आदळला, तर तिच्यावर सुमारे ३०० किलोचा रेटा येतो. हवामानाच्या अंदाजात ‘ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने वारे’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हा. अशा वाऱ्यात कनाती आधी सोडवायच्या. लोक पाऊस आत येऊ नये म्हणून त्या उलट घट्ट बांधतात आणि मग खांबांसकट सगळं उखडतं. हा झोत पावसाच्या दहा-वीस मिनिटं आधी येतो. हवा अचानक गार लागली, वाऱ्याची दिशा पालटली आणि क्षितिजावर मातकट पट्टा उठला, की मंडपातून माणसं बाहेर काढायला तेवढाच वेळ हातात असतो. सामान राहू द्या.

विजेबद्दल मी कठोर बोलते, कारण ते मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. देशात २०२२ मध्ये वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे, आणि मध्य प्रदेश त्या यादीत वरच्या राज्यांत आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर दूर वीज पडली. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. शामियाना हा आडोसा नव्हे, कडुनिंबही नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. ते घरातल्या दोघांच्या फोनवर आजच घालून ठेवा.

निर्णय कधी घ्यायचे, ते सांगते. हॉलचं आरक्षण आत्ताच करा, कारण लग्नसराईत तो दोन दिवस आधी मिळणार नाही. दोन दिवस आधी जिल्ह्याचा अंदाज आणि दवबिंदू पाहा. तो १५ च्या खाली घसरलेला दिसला, म्हणजे वायव्येचा कोरडा वारा परतलाय, तर बागेत जेवण द्यायला माझी हरकत नाही. १८ च्या वर असेल तर हॉलमध्येच. मुंजीच्या सकाळी आठ-नऊला आकाशात बुरुजांसारखी टोकं असलेले बारके ढग रांगेने दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे असं समजा आणि दुपारी जपा. दुपारी दोनपर्यंत ढग कापसाच्या चपट्या पुंजक्यांसारखेच राहिले, तर झाकण अजून घट्ट आहे. तीननंतर हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि भोपाळच्या डॉप्लर रडारचं (ढग-पाऊस कुठे सरकतोय ते टिपणाऱ्या यंत्राचं) चित्र पाहत राहा. मेमध्ये वादळं सहसा धारच्या बाजूने, पश्चिमेकडून येतात. जूनमध्ये वरचे वारे मंदावतात आणि ढग देवासकडून, खंडव्याकडून, कुठूनही येऊ शकतो. फक्त पश्चिमेकडे नजर लावून बसू नका.

अरबी समुद्रात याच सुमारास एखादं चक्रीवादळ तयार झालं, तर वरचं सगळं पुन्हा तपासावं लागतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचा उरलेला भाग मध्य प्रदेशापर्यंत आला होता. अशा वेळी दुपार-संध्याकाळचं गणित चालत नाही, पाऊस रात्रंदिवस पडतो. सुदैवाने चक्रीवादळाची चाहूल तीन-चार दिवस आधी लागते.

सासऱ्यांनी नौतपा आणि मृगाचं विचारलंय म्हणता. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, तेव्हापासूनचे नऊ दिवस कडक तापतात हे उत्तर आणि मध्य भारतात बहुतेक वर्षी खरं ठरतं. पण त्या नऊ दिवसांत पाऊस पडला म्हणून पुढचा पावसाळा बिघडतो, याला मला आधार दिसत नाही. आपल्याकडे त्या दिवसांत वादळी सरी येतातच. मृगाचा पाऊस आजी-आजोबांनी महाराष्ट्रातून आणलेला हिशेब आहे, आणि तिथे तो बसतो: मॉन्सून केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला येण्याची सरासरी तारीख आहे. इंदूरला तो जूनच्या मध्यानंतर पोचतो. मुंजीच्या दिवशी पाऊस पडला तर तो मॉन्सूनपूर्व वादळाचाच असेल, तासाभरात थांबेल, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की वाफ वाढून उकाडा आणखी जाणवेल. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण ठेवला असेल तर तोही सकाळीच करा.

राहिल्या कुरडया. त्या मुंजीनंतरवर टाकू नका. चीक शिजवायचाच असेल तर दवबिंदू पंधराच्या आत असलेले सलग दोन दिवस निवडा. तशा हवेत कुरडई दोन उन्हांत कडकडीत होते. दवबिंदू २३ असताना ती वरून वाळलेली दिसते, आत ओल राहते आणि पावसाळ्यात डब्यात बुरशी धरते. सकाळी आठला घाला आणि दुपारी चारच्या आत खाली आणा, आकाश निरभ्र असलं तरीही.